‘वोक’ म्हटलं की विषय संपत नाही : ‘डिस्कव्हरी’ला झोडपणाऱ्यांना आणि तिची ढाल झालेल्यांनाही

स्पष्टच लिहितो, राग आला तर येऊ द्या.

‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’ ही काही थोर मालिका नाही. २०१७ च्या सप्टेंबरात सुरू झाली, ३० मे २०२४ ला संपली. पाच सिझन, ६५ एपिसोड. त्यातले काही फार चांगले, बरेचसे ठीक आणि काही अगदीच कंटाळवाणे. म्हणजे बहुतेक मालिकांचं जे असतं तेच. पण मालिका संपली तरी तिच्यावरची भांडणं काही संपत नाहीत. आणि आता ती भांडणं शुद्ध मराठीत, आपल्याच ओळखीची माणसं करू लागली आहेत, म्हणून हा प्रपंच.

भांडणाचा साचा ठरलेला आहे. एक जण म्हणतो, ‘स्टार ट्रेकची वाट लावली, सगळीकडे वोक अजेंडा घुसडला.’ दुसरा म्हणतो, ‘तुला बाईचं, त्यातून काळ्या बाईचं नेतृत्व सहन होत नाही, हे सांग ना सरळ.’ झालं. यापुढे कुणी मालिकेबद्दल एक अक्षर बोलत नाही. माझं म्हणणं असं की हे दोघंही मालिका बघत नाहीयेत, आणि दोघांच्या या भांडणात फायदा तिसऱ्याचाच होतो. तो तिसरा कोण, ते पुढे सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ ‘स्टार ट्रेक’ १९६६ ची. कॅप्टन कर्क, मिस्टर स्पॉक आणि एंटरप्राइझ हे जहाज. आपल्याकडच्या एका पिढीनं ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिली. ‘डिस्कव्हरी’ची कथा कर्कच्या त्या सफरीच्या सुमारे दहा वर्षं आधी सुरू होते. म्हणजे प्रीक्वेल. नायिका मायकल बर्नम, भूमिका सोनेक्वा मार्टिन-ग्रीन या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची. ही बर्नम स्पॉकच्या आईवडिलांनी सांभाळलेली मुलगी, म्हणजे स्पॉकची मानलेली बहीण.

आता एकेक आरोप घेऊ.

पहिला आरोप : ‘आमच्या स्टार ट्रेकमध्ये राजकारण नव्हतं.’

अहो, कुठली स्टार ट्रेक पाहिलीत तुम्ही?

१९६६ साल म्हणजे अमेरिकेत नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात होती. त्या वेळी जहाजाच्या मुख्य कक्षात निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री अधिकारी म्हणून बसलेली. तिनं पहिल्या सिझननंतर मालिका सोडायचं ठरवलं, तेव्हा खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांबायला सांगितलं, ही आठवण ती आयुष्यभर सांगत राहिली. तिच्या शेजारी सुलू. तो साकारणारा जॉर्ज टाकेई लहानपणी अमेरिकेच्याच छावणीत कुटुंबासह कोंडला गेला होता, कारण काय तर दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचा असणं. दुसऱ्या सिझनपासून चेकॉव्ह आला. शीतयुद्ध चालू असताना, अमेरिकन जहाजावर नव्हे तर माणसांच्या जहाजावर, एक रशियन तरुण.

जून १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आंतरवंशीय विवाहांवरची बंदी रद्द केली. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, नोव्हेंबर १९६८ मध्ये, कर्क आणि उहुरा यांचं चुंबन पडद्यावर आलं. १९६८ मध्येच व्हिएतनामवरचा एपिसोड आला. एका ग्रहावरच्या दोन टोळ्यांना दोन महासत्ता हत्यारं पुरवतात अशी गोष्ट. १९६९ च्या जानेवारीत दोन माणसांची कथा आली. एकाचा चेहरा उजवीकडे काळा आणि डावीकडे पांढरा, दुसऱ्याचा नेमका उलटा, आणि एवढ्याच फरकापायी त्यांचा अख्खा ग्रह बेचिराख झालेला. याहून उघड बोलायचं म्हणजे हातात फलकच घ्यायला हवा होता!

त्याही आधी, मालिकेचा पहिला पायलट एपिसोड बनला होता, तेव्हा जहाजावर दोन नंबरचा अधिकार एका बाईकडे होता. चॅनेलनं तो पायलट नाकारला, दुसरा बनवायला लावला, आणि त्यात ती बाई गायब. म्हणजे ‘बाई अधिकारी कशाला?’ हा वाद २०१७ चा नाहीच. त्या पायलटचा कॅप्टन पाइक मात्र ‘डिस्कव्हरी’च्याच दुसऱ्या सिझनमध्ये परत आला आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. इतकं, की त्याची स्वतंत्र मालिका, ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’, २०२२ मध्ये निघाली. तिच्यात ती दोन नंबरची अधिकारी बाईही आहे बरं का.

म्हणून ‘राजकारण आणलं’ ही तक्रार मला मान्य नाही. राजकारण काढलं तर स्टार ट्रेकमध्ये रंगीत पायजमे घातलेली माणसं आणि पुठ्ठ्याचे खडक एवढंच उरतं.

दुसरा आरोप : ‘कॅनन मोडलं.’

कॅनन म्हणजे आजवरच्या कथांतून ठरलेला अधिकृत इतिहास. प्रीक्वेलला हे दुखणं जन्मजात असतं. पुढे काय होणार ते प्रेक्षकाला ठाऊक, त्यामुळे मागे काही नवं दाखवलं की लगेच विचारणा : ‘मग हे पुढे कुणी कधी बोललं कसं नाही?’ प्रश्न चुकीचा नाही. पण तो विचारताना जरा आपल्या जुन्या वह्याही चाळाव्यात.

‘स्पॉकला बहीण होती तर तो कधी बोलला कसा नाही?’ स्पॉक कधी काय बोलला आहे? १९६७ च्या एका एपिसोडमध्ये व्हल्कनचा राजदूत जहाजावर येतो. तो स्पॉकचा सख्खा बाप आहे हे कर्कला तिथं, त्या क्षणी कळतं. इतकी वर्षं बरोबर काम करून! १९८९ च्या चित्रपटात तर स्पॉकला अचानक एक सावत्र भाऊ फुटला. घरची माहिती लपवणं हा त्या माणसाचा स्वभावच आहे. म्हणजे इथं कॅनन मोडलेलं नाही, उलट काटेकोर पाळलंय!

‘क्लिंगॉनांचे चेहरे बदलले.’ साठच्या दशकात त्यांच्या कपाळावर वळकट्या नव्हत्याच. १९७९ च्या चित्रपटात आल्या, आणि का आल्या हे कुणी सांगितलं नाही. १९९६ मध्ये त्यावर एका एपिसोडमध्ये विनोद झाला. खुलासा थेट २००५ मध्ये, तोही दुसऱ्या एका प्रीक्वेलमध्ये, दोन भाग खर्चून. म्हणजे सव्वीस वर्षं तुम्ही खुलाशाविना आनंदात होतात. २०१७ मध्येच नेमका संयम का सुटला?

आणि त्या ‘दुसऱ्या प्रीक्वेल’चंही ऐका. ‘एंटरप्राइझ’, २००१ ते २००५. आज तिचं नाव मोठ्या प्रेमानं घेतलं जातं. तेव्हा काय चाललं होतं? शीर्षकगीत बदला म्हणून सह्यांची मोहीम. व्हल्कन खोटारडे दाखवले म्हणून बोंब. फेरेंगी आणि बोर्ग वेळेआधी भेटले म्हणून बोंब. चौथ्या सिझनमध्ये ती मालिका खऱ्या अर्थानं रुळावर आली, जुने धागे नीट जुळवू लागली, आणि तेवढ्यात, फेब्रुवारी २००५ मध्ये, ती बंद करण्याची घोषणा झाली. मग तेच चाहते वर्गणी काढून मालिका वाचवायला धावले, स्टुडिओच्या दारात निदर्शनं झाली. शेवटचा एपिसोड तर असा लिहिला, की स्वतःच्या निरोपसमारंभात ‘एंटरप्राइझ’चीच माणसं पाहुणी. गोष्ट कुणाची, तर नंतरच्या शतकातल्या रायकरची, जो त्यांची कहाणी संगणकावर बघतोय. मालिका होती तोवर शिव्या, गेल्यावर श्राद्ध, हे तेव्हाही झालं आणि आताही होणार आहे. दहा वर्षांनी हेच लोक लिहितील, ‘डिस्कव्हरी काय होती राव!’

तिसरा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

‘डिस्कव्हरी’ आली त्याच महिन्यात, सप्टेंबर २०१७ मध्ये, सेथ मॅकफार्लेनची ‘द ऑरव्हिल’ सुरू झाली. नाव वेगळं, जहाज वेगळं, पण घडण थेट जुन्या स्टार ट्रेकची. ‘वोक नको’ म्हणणाऱ्या मंडळींनी तिला उचलून धरलं : ‘बघा, खरी स्टार ट्रेक ही!’

आता त्या ‘खऱ्या’ स्टार ट्रेकचा तिसराच एपिसोड काढून बघा. सगळे पुरुषच असलेल्या एका जमातीतल्या जोडप्याला मुलगी होते. जमातीची रीत अशी, की शस्त्रक्रिया करून तिला मुलगा करायचं. त्यावरून रीतसर खटला उभा राहतो. दोन बाप, एक बाळ, लिंगबदल आणि कोर्ट! या एका एपिसोडमध्ये जेवढं लिंगभावाचं राजकारण आहे तेवढं ‘डिस्कव्हरी’च्या अख्ख्या पहिल्या सिझनमध्ये नाही. मग ‘ऑरव्हिल’ चालली आणि ‘डिस्कव्हरी’ खुपली, ती का?

काही जणांच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. मे २०१७ मध्ये नुसता ट्रेलर आला, तेव्हाच इंग्रजीत ‘गोऱ्यांचा वंशसंहार’ अशी ओरड झाली. एक एपिसोड बघायला मिळण्याआधी! ट्रेलरमध्ये काय होतं? एक कृष्णवर्णीय बाई आणि एक आशियाई बाई कॅप्टन, वाळवंटात चालताहेत. एवढ्यावर ज्यांना संहार दिसला त्यांच्याशी मालिकेच्या दर्जावर चर्चा होऊ शकत नाही. मी करणारही नाही.

पण सगळे तसे नाहीत. बाकीच्यांची तक्रार खरी होती, फक्त तिला नाव चुकीचं दिलं गेलं. लोकांना खुपत होती ती घडण. जुन्या स्टार ट्रेकमध्ये दर आठवड्याला एक ग्रह, एक पेच, एक वाद आणि शेवटी एक निर्णय. त्या पेचात तुम्ही स्वतः उभे राहून बघायचात, मी असतो तर काय केलं असतं. ‘ऑरव्हिल’नं तेच दिलं. ‘डिस्कव्हरी’नं दिली एकच लांब कथा, एकच नायिका, आणि दर सिझनला विश्व बुडायची वेळ. एकदा युद्ध आणि वर समांतर विश्वं कोसळण्याचा धोका, एकदा सगळं सजीव बुद्धिमान जीवन संपवायला निघालेला संगणक, एकदा आकाशगंगाभर जहाजांची इंधनं पेटून झालेला विध्वंस, एकदा ग्रह गिळत सुटलेली विसंगती. रोजच घराला आग लागली तर चौथ्या दिवशी शेजारी बादली घेऊन येत नाहीत.

हे म्हणा ना! हे म्हटलं तर मी तुमच्या बाजूनं उभा आहे. माझी स्वतःची यादी देतो.

एक : जहाजाच्या मुख्य कक्षात बसणारे डेटमर, ओवोसेकुन वगैरे अधिकारी. पाच सिझनभर ते तिथं बसले, पण त्यांच्याबद्दल आपल्याला किती कळलं? एरियम नावाच्या अधिकाऱ्याची कहाणी दुसऱ्या सिझनमध्ये पहिल्यांदा नीट सांगितली, ती तिला त्याच एपिसोडमध्ये मारायचं होतं म्हणून. प्रेक्षकानं रडावं यासाठी ऐनवेळी जमवलेली ओळख होती ती.

दोन : पहिल्या सिझनमध्ये डॉक्टर कल्बरला मारलं. स्टार ट्रेकच्या मालिकांमधलं हे पहिलं नियमित समलिंगी जोडपं, आणि त्यातला एक काही एपिसोडांतच खलास. समलिंगी पात्रांना मारून टाकायची टीव्हीची जुनी खोड आहे, तिच्यावर ज्यांनी आवाज उठवला ते ‘वोक-विरोधी’ नव्हते, अगदी दुसऱ्या टोकाचे होते. पुढच्या सिझनमध्ये कल्बर परत आला. म्हणजे टीका दोन्हीकडून होती हे विसरू नका.

तीन : स्पोर ड्राइव्ह. बुरशीच्या जाळ्यातून क्षणात आकाशगंगेच्या कुठल्याही टोकाला जायचं तंत्र. कर्कच्या आधी हे होतं तर नंतर कुणाकडेच का नाही? लेखकांकडे उत्तर नव्हतं. मग दुसऱ्या सिझनच्या शेवटी काय केलं, तर जहाज ९३० वर्षं पुढे पाठवलं आणि मागे राहिलेल्यांना हुकूम : या जहाजाचं, या तंत्राचं, या माणसांचं नाव काढाल तर देशद्रोह. प्रेक्षकांच्या प्रश्नावर पात्रांचं तोंड बंद करायचं, हा उपाय भन्नाटच! तिथपासून प्रीक्वेल संपली आणि सीक्वेल सुरू झाली. ज्या काळात गोष्ट सांगायचं ठरवलं होतं त्या काळातून पळून जाणं, ही लेखकांनीच दिलेली कबुली आहे.

चार : २०२२ च्या मार्चमध्ये चौथ्या सिझनच्या शेवटी पृथ्वीच्या राष्ट्राध्यक्ष म्हणून स्टेसी अब्राम्स आल्या. या बाई त्याच वर्षी जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवार होत्या. माझा आक्षेप इथं आहे. हा विचार नव्हे, जाहिरात आहे. १९६९ च्या त्या अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या माणसांची गोष्ट बघताना तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा, थोडे अस्वस्थ होता. अब्राम्सबाई दिसल्यावर अस्वस्थ कुणी होत नाही. एक बाजू टाळ्या वाजवते, दुसरी टीव्ही बंद करते. राजकीय गोष्ट आणि पक्षाचा पाहुणा यांतला फरक लेखकांना कळायला हवा होता.

आणि हेही तितक्याच मोठ्यानं सांगतो, की याच मालिकेनं राजकीय गोष्ट उत्तम कशी सांगावी तेही दाखवलं. सारूची कहाणी आठवा. केल्पियन ही त्याची जमात. जन्मापासून त्यांना शिकवलं जातं, की तुम्ही भक्ष्य आहात, ठरावीक वय आलं की तुम्हाला वेड लागेल, म्हणून त्याआधी मुकाट्यानं स्वतःला शिकाऱ्यांच्या स्वाधीन करा, यातच विश्वाचा समतोल आहे. सारू त्या अवस्थेतून जिवंत बाहेर पडतो आणि बघतो तर काय, वेड लागत नाही. उलट भीती गळून पडते. समतोल वगैरे सगळी थाप. वरचे लोकच आतून घाबरलेले असतात, कारण एके काळी तेच भक्ष्य होते. ज्या मातीत फुले आणि आंबेडकर झाले, तिथल्या माणसाला ही गोष्ट कशावर आहे हे समजावून सांगावं लागू नये. जन्मानं ठरलेली पायरी, ती पवित्र आहे असं सांगणारा धर्म, आणि ती मोडली की विश्व बुडेल ही धमकी. आपलीच गोष्ट आहे ही! ‘वोक’ म्हणून मालिका बंद करणाऱ्या माझ्या मित्रांनी हे एपिसोड बघितलेच नाहीत याचं मला सर्वाधिक वाईट वाटतं.

आता ढालवाल्यांकडे वळतो. तुमचीही सुटका नाही.

मालिकेवर कुणी ब्र काढला की ‘वर्णद्वेष्टा’, ‘बायकांचा द्वेष्टा’ असा शिक्का मारायचा, याला तुम्ही पुरोगामीपणा समजता. हा आळस आहे. एरियमचं मरण उथळ होतं म्हणणारा माणूस द्वेष्टा नाही. आकाशगंगेतला तो महाविध्वंस एका भेदरलेल्या लेकराच्या किंकाळीनं झाला, हा उलगडा पचला नाही म्हणणारा माणूस द्वेष्टा नाही. तुम्ही या सगळ्यांना ट्रेलरवर किंचाळणाऱ्यांच्या रांगेत उभं करता. मग होतं काय? ज्याची तक्रार साधी, कथेपुरती होती, तो चिडतो, आणि जिथं त्याचं कुणी ऐकून घेतं तिथं जाऊन बसतो. तिथं कोण बसलेलं असतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. द्वेष्ट्यांची गर्दी वाढवायचं काम तुम्ही फुकटात करताय.

शिवाय, सोनेक्वा मार्टिन-ग्रीनची बाजू घेणं वेगळं आणि ती राबली त्या कंपनीच्या प्रत्येक निर्णयाची बाजू घेणं वेगळं. पडद्यामागे काय चाललं होतं? मालिका रचणारा ब्रायन फुलर पहिला एपिसोड दिसण्याच्या जवळजवळ वर्षभर आधीच मुख्य जबाबदारीतून बाहेर पडला होता. प्रदर्शनाची तारीख दोनदा पुढे गेली. त्याच्या जागी आलेल्या दोघांना दुसऱ्या सिझनच्या कामात, जून २०१८ मध्ये, काढलं गेलं. खर्च वाढल्याच्या आणि लेखकांशी वाईट वागल्याच्या तक्रारी तेव्हा बातम्यांतून आल्या. ज्या घरात दर वर्षी कर्ता बदलतो तिथली कथा भरकटणारच. पहिल्या सिझनचा सूर, दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा, एकमेकांशी जुळत नाही याचं मोठं कारण हे आहे. त्याचा ना बर्नमच्या रंगाशी संबंध, ना कुणाच्या अजेंड्याशी. पण यावर चर्चा झाली का? नाही. कारण आपण सगळे ‘वोक की द्वेष्टा’ खेळत बसलो होतो.

आणि इथं तो तिसरा येतो.

‘डिस्कव्हरी’ कशासाठी काढली होती? अमेरिकेत सीबीएसला स्वतःची स्ट्रीमिंग सेवा विकायची होती. पहिला एपिसोड नेहमीच्या चॅनेलवर फुकट, पुढचे बघायचे तर वर्गणी भरा. अमेरिका आणि कॅनडाबाहेरचे हक्क नेटफ्लिक्सला, १८८ देशांसाठी. आपण भारतात पहिले तीन सिझन पाहिले ते या सौद्यामुळे.

मग उजाडला १६ नोव्हेंबर २०२१. चौथा सिझन यायला दोन दिवस बाकी. कंपनीनं जाहीर केलं, की नेटफ्लिक्सकडून हक्क परत घेतले आहेत, आता परदेशी प्रेक्षकांनी आमची पॅरामाऊंट प्लस सेवा तुमच्या देशात येईपर्यंत थांबावं. सेवा कधी येणार, तर पुढच्या वर्षी, तीही काही देशांत. भारतात तेव्हा ती नव्हतीच. दोन दिवस आधी! तीन-तीन सिझन बघून, मित्रांना बघायला लावून, इंटरनेटवर फुकट प्रचार करून बसलेल्या जगभरच्या प्रेक्षकांच्या तोंडावर दार आपटलं. मोठा गदारोळ झाला तेव्हा कुठे काही युरोपीय देशांत दुसऱ्या मार्गानं एपिसोड दाखवायची सोय झाली.

त्या दिवशी कंपनीनं तुम्हाला विचारलं होतं का, तुम्ही वोक की वोक-विरोधी? पुण्यातला बर्नमभक्त आणि नागपुरातला बर्नमद्वेष्टा, दोघांना एकाच लाथेनं बाहेर काढलं. चार वर्षं जे एकमेकांची डोकी फोडत होते ते दोघंही तिच्या वहीत एकाच रकान्यात होते : ‘नंतर बघू’.

म्हणून सांगतो, हे भांडण आपण अमेरिकेतून आयात केलंय, आणि तेही तिथल्या पॅकिंगसकट. तिथं ‘वोक’ या शब्दाला एक इतिहास आहे, तो कृष्णवर्णीय समाजाच्या बोलीतून आला आणि पुढे शिवी झाला. आपल्याकडे तो शिवी म्हणूनच उतरला. ठाण्याचा मुलगा तो वापरतो तेव्हा नेमकं कुणाच्या बाजूनं बोलतो, हे त्यालाही सांगता येणार नाही. कारण त्या आकाशगंगेत आपली जागा कुठे होती ते जरा बघा. १९६७ मध्ये खान नूनियन सिंग नावाचं पात्र आलं, उत्तर भारतातला शीख असावा असा तर्क त्या एपिसोडमध्येच केला जातो. भूमिका कुणी केली? रिकार्डो मोन्तालबान या मेक्सिकन नटानं, त्वचा सावळी करून. २०१३ च्या चित्रपटात तोच खान झाला बेनेडिक्ट कम्बरबॅच, गोरापान इंग्रज. १९७९ मध्ये आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटानं स्टार ट्रेकच्या पहिल्या चित्रपटात मोठी भूमिका केली, डोक्याचं मुंडण करून. किती मराठी चाहत्यांना तिचं नाव माहीत आहे? ‘पात्रांचे वंश मोजू नका’ असं म्हणणं सोपं असतं, जेव्हा मोजणारे कायम आपल्याला शून्यात धरतात हे आपण विसरलेलो असतो.

याचा अर्थ आपण गप्प बसावं असा नाही. भांडा. जोरात भांडा. प्रेक्षकांच्या बोलण्यानं फरक पडतो हे याच फ्रँचायझीत दिसलंय. पाइकची मालिका प्रेक्षकांनी मागितली आणि मिळवली. तिच्यात दर भागाला स्वतंत्र गोष्ट ही जुनी घडण परत आली, जे लोक २०१७ पासून ओरडून सांगत होते तेच. पण ती आली ती ‘आम्हाला काय हवं’ हे नेमकं सांगितलं गेलं तेव्हा. ‘अजेंडा, अजेंडा’ ओरडून काही मिळालं नाही, उलट त्या ओरड्याआड कंपनीला लपायला जागा मिळाली. टीका झाली की ‘द्वेष्टे आहेत’ म्हणायचं, आणि एपिसोड फसला की ‘काळाच्या पुढे आहोत’ म्हणायचं. दोन्ही ढाली आपणच पुरवल्या.

तेव्हा एवढंच करा. पुढच्या वेळी कुठल्याही मालिकेवर बोलताना पात्र सांगा, प्रसंग सांगा, काय पटलं नाही ते सांगा. ‘वोक’ हा शब्द न वापरता तुमची तक्रार तीन वाक्यांत मांडता आली, तर ती तक्रार खरी आहे. नाही मांडता आली, तर ती तुमची नाहीच, कुणीतरी तुमच्या हातात दिलेली आहे. ढालवाल्यांनाही हीच अट : ‘द्वेष्टा’ हा शब्द न वापरता मालिकेची बाजू मांडून दाखवा. सारूच्या गोष्टीपासून सुरुवात करा हवं तर, मुद्दे भरपूर मिळतील.

खाली भांडायला सगळ्यांचं स्वागत आहे. अट एकच, एपिसोड बघून या.